कॅम्पर गाडीच्या पॅनलवरील दिवा : बदलण्यापूर्वी आणि बदलल्यानंतर

ऑटो इलेक्ट्रिशियनच्या धंद्यात काही कामे इतकी लहान असतात की ती शिकवावी लागतात असे कोणाला वाटत नाही. पॅनलवरचा विझलेला दिवा काढून नवा लावणे हे त्यातलेच एक काम. उस्ताद दुसऱ्या कामात असला की शागीर्दाला सांगतो, "तेवढा दिवा बदलून दे." दिव्याची किंमत चहाच्या दोन कपांएवढी. पण ज्या गाडीत माणसे झोपतात, स्वयंपाक करतात आणि गॅसवर चालणारा फ्रिज वापरतात, त्या गाडीत हा दिवा शोभेचा नसतो. तो खबर देतो. आणि खबर देणारा बदलताना खबर खरी राहते की नाही हे पाहणे हीच या कामातली खरी कारागिरी आहे. या लेखात आपण हे काम आरंभापासून शेवटपर्यंत क्रमाने पाहू.

कॅम्पर गाडी म्हणजे काय?

मोटारव्हॅनच्या आत बिछाना, छोटा ओटा, पाण्याची टाकी, शेगडी आणि फ्रिज बसवला की तिला कॅम्पर म्हणतात. युरोपात या गाड्यांची परंपरा जुनी आहे. जर्मनीच्या फोक्सवॅगन कारखान्यात १९५० साली डब्याच्या आकाराची व्हॅन तयार होऊ लागली आणि १९५१ पासून वेस्टफालिया या जर्मन कारखान्याने तिच्यात राहण्याची सोय करून द्यायला सुरुवात केली. पुढे १९७९ मध्ये या व्हॅनची तिसरी पिढी आली. त्या पिढीच्या कॅम्पर गाड्या हौशी लोकांनी आजही जपून ठेवल्या आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीवर युरोप व अमेरिकेत अनेक कारागिरांचे पोट चालते.

आपल्या वाचकांचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दोन ठिकाणी आहे. कोकणातील आणि मुंबईतील आपले अनेक कारागीर आखाती देशांत गॅरेजमध्ये काम करतात आणि तिकडे हिवाळ्यात वाळवंटात कॅरॅव्हॅन घेऊन मुक्काम करण्याची पद्धत आहे. दुसरे म्हणजे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मुंबईत चित्रपटांसाठी लागणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन तर त्याच्याही आधीपासून आहेत. फिरता दवाखाना असो की खाद्यपदार्थांची गाडी, आतले पॅनल जवळपास एकाच तत्त्वावर बनलेले असते. एक समजले की बाकीची समजायला वेळ लागत नाही.

पॅनलवरील दिवे काय सांगतात?

कॅम्परमध्ये बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी आणि दुसरी आतल्या घरगुती वापरासाठी. बाहेरून २३० व्होल्टची वायर जोडण्याची सोय असते. गॅसचे सिलिंडर असते. नव्या गाड्यांच्या टपावर सोलर पॅनलही असते. या सगळ्याची हालहवाल सांगणारे दिवे पॅनलवर असतात. पाणी किती उरले, बॅटरी कशी आहे, पंप चालू आहे का, हीटर पेटला का, आणि फ्रिज कशावर चालला आहे.

फ्रिजचे उदाहरण घेऊ, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. जुन्या कॅम्परमधला फ्रिज घरातल्या फ्रिजसारखा कॉम्प्रेसरवर चालत नाही. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्वीडनच्या दोन तरुणांनी १९२२ मध्ये जे यंत्र शोधले, त्यावर तो चालतो. त्यात उष्णता देऊन पाण्यातून अमोनिया वायू वेगळा केला जातो आणि त्याच्या फेऱ्यातून थंडावा तयार होतो. उष्णता कोठूनही आली तरी चालते. म्हणून अशा फ्रिजला तीन पर्याय असतात: गॅसची ज्योत, १२ व्होल्टचे एलिमेंट आणि २३० व्होल्टचे एलिमेंट. पॅनलवर या तिन्हींची वेगवेगळी खूण असते.

आता यातील प्रत्येक दिवा वेगळ्या गोष्टीची खबर देतो हे ध्यानात घ्यावे. साधारणपणे ते तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार, वीज पोहोचल्याची खबर देणारा. १२ व्होल्टचा व २३० व्होल्टचा दिवा बहुधा याच जातीचा असतो. तो स्विचनंतर एलिमेंटला समांतर जोडलेला असतो. स्विचपर्यंत वीज आली एवढेच तो सांगतो. एलिमेंट तापते आहे असे तो सांगत नाही. एलिमेंट तुटले असले तरी हा दिवा झकास पेटतो आणि आत दूध नासत राहते.

दुसरा प्रकार, काम चालू असल्याची खबर देणारा. गॅसची ज्योत पेटलेली आहे हे दाखवणारा दिवा या जातीचा. बर्नरच्या ज्योतीत थर्मोकपल नावाची सळी असते. ती तापली की तिच्यातून सुमारे २० ते ३० मिलिव्होल्ट एवढी क्षीण वीज निघते. तेवढ्या विजेवर गॅसचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडा धरला जातो. ज्योत विझली की सळी थंड होते आणि व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. याच विजेवर काही फ्रिजमध्ये छोटा काटा हलतो, तर काहींमध्ये एक लहान सर्किट ही वीज ओळखून पॅनलवरचा हिरवा दिवा पेटवते.

तिसरा प्रकार, बिघाडाची खबर देणारा. स्वयंचलित ठिणगीच्या फ्रिजमध्ये किंवा हीटरमध्ये ज्योत पेटली नाही की लाल दिवा लागतो. हा दिवा विझलेला असणे म्हणजे सारे ठीक, असे मालक समजतो. पण दिवाच जळून गेला असेल तर? म्हणून या जातीचा दिवा सर्वांत काळजीने तपासावा.

आधी निदान, मग पेचकस

गिऱ्हाईक येऊन म्हणते, "हिरवा दिवा लागत नाही, बदलून द्या." आपण लगेच पॅनल उघडू नये. आधी तीन प्रश्न विचारावेत. फ्रिज थंड होतो का? कशावर चालवला असता दिवा लागत नाही? आणि दिवा अचानक गेला, की आधी मिणमिणत होता?

त्यानंतर दिव्याकडे न पाहता यंत्राकडे पाहावे. अनेक जुन्या फ्रिजमध्ये आत खालच्या कोपऱ्यात छोटी खिडकी असते, तिच्यातून ज्योतीचा निळा उजेड दिसतो. विजेवरचे एलिमेंट तपासायचे तर वीज पूर्ण तोडून, एलिमेंटच्या वायर सोडवून मल्टिमीटरने त्याचा रेझिस्टन्स मोजावा. १०० वॅटचे १२ व्होल्टवरचे एलिमेंट सुमारे दीड ओहम दाखवील आणि तेवढ्याच वॅटचे २३० व्होल्टवरचे सुमारे ५३० ओहम. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटले आहे.

आता तीन शक्यता उरतात.

यंत्र चालते आणि दिवा विझलेला आहे: दोष दिव्यात किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. आपले काम इथे आहे.

यंत्र बंद आणि दिवाही विझलेला: दिवा खरे सांगतो आहे. त्याला हात लावू नये. दोष फ्यूज, स्विच, गॅस किंवा बर्नरमध्ये शोधावा.

यंत्र बंद आणि दिवा पेटलेला: सर्वांत फसवा प्रकार. दोष दिव्याच्या पुढे आहे. मालक निर्धास्त असतो आणि नुकसान होत राहते.

पहिल्या शक्यतेत दिव्याच्या दोन्ही टोकांवर मीटर लावून व्होल्टेज पाहावे. मीटरचा काळा टोक गाडीच्या पत्र्याला न लावता दिव्याच्याच निगेटिव्हला लावावा. कारण बऱ्याचदा पॉझिटिव्ह ठीक असतो आणि गंजलेला अर्थ दगा देतो. व्होल्टेज मिळाले तर दिवा गेलेला. मिळाले नाही तर मागे मागे जावे: पॅनलचा कनेक्टर, थिंबल, स्विच, फ्यूज.

इथे एक खोच आहे. डिजिटल मीटर फारच थोडी वीज ओढतो. त्यामुळे वायरची एकच कुजकी तार शिल्लक असली तरी तो १२ व्होल्ट दाखवतो. शंका आली तर साध्या वायरवर टेस्टलॅम्प लावून पाहावा. भार पडला की खोटे उघडे पडते. मात्र इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पट्टीवर टेस्टलॅम्प कधीही लावू नये, नाहीतर शाबूत सर्किटही जाईल.

दिव्याच्या तीन जाती

जुन्या पॅनलमध्ये तीन जातींचे दिवे सापडतात आणि एकाची जागा दुसऱ्याला सरसकट देता येत नाही.

तारेचा बल्ब. काचेत बारीक तार दिसते. १२ व्होल्ट, १.२ वॅटचा बल्ब ०.१ अँपिअर वीज घेतो. याला उलटसुलट नसते. तार तुटली की डोळ्याने किंवा मीटरने कळते.

निऑन दिवा. २३० व्होल्टच्या स्विचवर जो नारिंगी उजेड दिसतो तो बहुधा याचाच. म्हातारा झाला की तो फडफडतो आणि काच आतून काळवंडते. त्याच्या मागे मोठ्या किमतीचा रेझिस्टर असतो. याची वीज जिवावर बेतणारी असते.

एलईडी. लाल उजेड देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत तयार केला. तेजस्वी निळा एलईडी जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये आणला आणि त्यासाठी त्यांना इसामु आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की जुन्या पॅनलमधील हिरवे एलईडी मंद होते आणि आजचे हिरवे एलईडी निळ्याच्या नव्या तंत्रातून आलेले व फार प्रखर आहेत. जुन्याच्या जागी नवा तसाच लावला तर रात्री झोपणाऱ्याच्या डोळ्यांत तो टोचतो. मग मालक त्यावर टेप चिकटवतो आणि दिवा असून नसल्यासारखा होतो.

काम सुरू करण्यापूर्वी

पॅनल उघडण्यापूर्वी पुढील क्रम पाळावा. गॅसचा सिलिंडर बंद. बाहेरची २३० व्होल्टची वायर सॉकेटमधून काढलेली, केवळ स्विच बंद केलेला नव्हे. इन्व्हर्टर बंद. टपावर सोलर असेल तर आधी सोलरची जोडणी कंट्रोलरपासून सोडवावी आणि त्यानंतर घरगुती बॅटरीचा निगेटिव्ह काढावा. बॅटरी आधी काढून सोलर तसाच ठेवला तर काही कंट्रोलर बिघडतात. इंजिनच्या बॅटरीचाही निगेटिव्ह काढावा, कारण १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज अनेक गाड्यांत त्याच बाजूने जोडलेला असतो.

गॅसचा जरा जरी वास आला तर काम थांबवावे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. म्हणून चांगल्या कॅम्परच्या फरशीला त्याच्या निकासासाठी झरोके ठेवलेले असतात. ते गालिच्याने झाकलेले नाहीत ना, हेही पाहून घ्यावे. दारे उघडावीत, कोणताही विजेचा स्विच दाबू नये आणि गॅसचा परवानाधारक कारागीर आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पॅनल सोडवताना मोबाईलवर फोटो काढावा आणि प्रत्येक वायरला चिठ्ठी लावावी. जुनी प्लॅस्टिकची चौकट ठिसूळ झालेली असते. तिच्या खिट्ट्या बोटाच्या जोराने न उचलता पातळ प्लॅस्टिकची पट्टी घालून उचलाव्यात. जुन्या गाडीची मोडलेली चौकट मिळवणे दिव्यापेक्षा कितीतरी महाग पडते.

हिशेब

बल्बच्या जागी किंवा गेलेल्या एलईडीच्या जागी नवा एलईडी लावायचा तर रेझिस्टरचा हिशेब करावाच लागतो. एलईडीला स्वतःची वीज आवरता येत नाही. त्याला लगाम हा रेझिस्टरचा.

पुष्कळ जण १२ व्होल्ट धरून हिशेब करतात आणि तिथेच चुकतात. गाडीची बॅटरी भरलेली व स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट असते, पण चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते. हिशेब १४.४ वर करावा. लाल एलईडी स्वतः सुमारे २ व्होल्ट घेतो. उरले १२.४. खुणेच्या दिव्याला १० मिलिअँपिअर पुष्कळ होतात. १२.४ ला ०.०१० ने भागले की १२४० ओहम. बाजारात १.२ किलोओहमचा रेझिस्टर मिळतो, पट्टे तपकिरी, लाल, लाल. त्यात खर्च होणारी वीज सुमारे ०.१३ वॅट, म्हणून पाव वॅटचा रेझिस्टर चालतो.

आता चुकीचा हिशेब पाहा. १२ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर धरले तर ५०० ओहम येतात आणि कारागीर ४७० चा रेझिस्टर लावतो. इंजिन चालू झाले की त्यातून २६ मिलिअँपिअर जातात. रेझिस्टरमध्ये सुमारे ०.३३ वॅट उष्णता होते आणि पाव वॅटचा रेझिस्टर बंद पॅनलमध्ये भाजत राहतो. दिवा महिनाभर चालतो आणि मग गिऱ्हाईक परत येते. त्याला वाटते माल खराब होता. माल चांगला होता, हिशेब खराब होता.

बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या गाड्यांत २४ व्होल्ट असतात. तिथे चार्ज होताना २८.८ धरावेत. २६.८ ला ०.०१० ने भागून २६८० ओहम, म्हणजे बाजारातला २.७ किलोओहम, आणि तो अर्ध्या वॅटचा. नवा प्रखर हिरवा एलईडी १२ व्होल्टच्या गाडीत लावायचा असेल तर ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून पाहावा. उजेड डोळ्यांना सोसवेल इतका होतो.

बल्ब काढून एलईडी लावण्यात बॅटरीचा फायदा किती? ०.१ अँपिअरचा बल्ब रात्रंदिवस लागला तर दिवसाला २.४ अँपिअर-तास जातात, महिन्याला ७२. म्हणजे ७० अँपिअर-तासांची बॅटरी केवळ एका दिव्याने रिकामी होते. १० मिलिअँपिअरचा एलईडी महिन्याला ७.२ घेतो. उभ्या गाडीत हा फरक मोठा आहे.

जोडणी

एलईडीचा लांब पाय पॉझिटिव्ह. कडेने जिथे गोलाई कापलेली असते ती बाजू निगेटिव्ह. पाय आधीच कापलेले असतील तर मीटरच्या डायोडच्या खुणेवर लावून पाहावे, सरळ लागला की तो मंद पेटतो.

गाडीत पंपाची मोटर व रिले बंद होताना विजेचे उलटे झटके उठतात आणि एलईडी साधारण ५ व्होल्टपेक्षा जास्त उलटी वीज सोसत नाही. म्हणून त्याच्या आधी १एन४००७ हा डायोड मालिकेत घालावा. खर्च नगण्य आणि आयुष्य वाढते.

डाग देताना एलईडीचा पाय चिमट्याने धरावा, म्हणजे उष्णता आत जात नाही. सोल्डरिंग आयर्न तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये. एलईडीच्या अंगालगत पाय वाकवू नये. रेझिस्टर, डायोड आणि सांधे श्रिंक स्लीव्हमध्ये बंद करावेत. इन्सुलेशन टेप उन्हात सुटते आणि चिकटपणा वायरवर पसरतो. गाडी खड्ड्यांतून जाते हे विसरू नये. वायरला थोडी ढील ठेवावी आणि जवळच बांधून टाकावी.

१२ व्होल्टच्या आणि २३० व्होल्टच्या वायर एकाच पॅनलमागे असल्या तरी त्यांना एकत्र बांधू नये. निऑन दिवा गेला असेल तर सुटे भाग जुळवण्यापेक्षा आत रेझिस्टर असलेला २३० व्होल्टचा तयार दिवा घ्यावा. सुटा निऑन लावावाच लागला तर त्याचा रेझिस्टर निदान अर्ध्या वॅटचा असावा. वॅटचा हिशेब लहान आला तरी २३० व्होल्टची उसळी ३२५ व्होल्टपर्यंत जाते आणि पाव वॅटचे अनेक रेझिस्टर तेवढे व्होल्टेज सोसण्यासाठी बनलेले नसतात. ही जोडणी घरगुती वायरिंग जाणणाऱ्यानेच करावी.

तीन सापळे

पहिला सापळा ज्योतीच्या दिव्याचा. थर्मोकपलच्या २०-३० मिलिव्होल्टवर कोणताही एलईडी पेटत नाही. म्हणून काही जण ज्योतीचा दिवा थेट गॅसच्या स्विचवरून १२ व्होल्टला जोडून देतात. दिवा लागतो, गिऱ्हाईक खूश होते. पण आता ज्योत असो वा नसो, दिवा "चालू" म्हणतो. खबर देणाऱ्याचे तोंड बांधून त्याच्या नावाने दुसऱ्याने बोलावे तसे हे झाले. सर्किट गेले असेल तर सर्किट बदलावे किंवा दिवा काढून टाकून "ज्योत खिडकीतून पाहा" असे लिहून द्यावे. बंद दिवा परवडतो, खोटा दिवा परवडत नाही.

दुसरा सापळा डॅशबोर्डवरील चार्जिंगच्या दिव्याचा. हे पॅनल वेगळे असले तरी गिऱ्हाईक म्हणते, "तोही एलईडी करून टाका." जुन्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना त्याच बल्बमधून जाणाऱ्या विजेने मिळते. एलईडी लावला तर तेवढी वीज जात नाही आणि अल्टरनेटर चार्जच करत नाही, किंवा इंजिन खूप फिरवल्यावर करतो. तिथे बल्बच ठेवावा.

तिसरा सापळा मंद उजेडाचा. स्विच बंद असूनही एलईडी मिणमिणतो, कारण सर्किटमधून गळणारी किंचित वीजही त्याला पुरते. बल्बला ती पुरत नव्हती म्हणून पूर्वी दिसत नव्हती. एलईडीच्या दोन्ही पायांना समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर जोडला की हे थांबते. आधी मात्र गळती कोठून आहे ते शोधावे. ओलसर स्विच असेल तर तो बदलणे हाच इलाज.

रंगाची मर्यादा

दुकानात हिरवा नव्हता म्हणून निळा लावला, असे करू नये. लाल म्हणजे धोका किंवा बिघाड, हिरवा म्हणजे काम चालू, पिवळा म्हणजे लक्ष द्या, ही भाषा सगळ्या जगाने मानली आहे. गाडी उद्या दुसऱ्याला विकली जाईल, भाड्याने जाईल. नव्या माणसाला पॅनलशिवाय कोण सांगणार? शिवाय काही पुरुषांना लाल व हिरवा यांतला फरक नीट दिसत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्यांचे प्रमाण शेकडा आठच्या आसपास आहे. म्हणून दिव्याशेजारी पुसली गेलेली अक्षरे पुन्हा लिहून देणे हाही दुरुस्तीचाच भाग समजावा.

काम झाल्यावरची परीक्षा

दिवा लागला म्हणजे काम झाले असे नाही. दिवा योग्य वेळी विझतो का, हे पाहिल्यावर काम होते. बॅटरी जोडावी, मग सोलर, मग बाहेरची वीज. १२ व्होल्टवर लावून पाहावे आणि त्याचा फ्यूज काढावा, दिवा विझला पाहिजे. २३० वर लावून सॉकेटमधून वायर काढावी, दिवा विझला पाहिजे. गॅसवर ज्योत पेटवून दिवा लागू द्यावा आणि मग सिलिंडर बंद करावा. ज्योत विझल्यावर थोड्या वेळात दिवाही विझला पाहिजे. इंजिन चालू करून उजेड फार वाढत नाही ना ते बघावे. शेवटी पॅनलवर हाताने हलकेच ठोकावे, दिवा फडफडता कामा नये.

ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर करावी. त्याला सांगावे की १२ व्होल्टवरचा फ्रिज साधारण ८ ते १० अँपिअर ओढतो, म्हणून इंजिन बंद असताना तो दिवा लागलेला दिसला तर ताबडतोब बंद करावा, नाहीतर रात्रीत बॅटरी बसेल. ज्योत निळी असावी. पिवळी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे जळण नीट होत नाही आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वासही नसतो आणि रंगही. बंद गाडीत झोपलेल्या कुटुंबाला तो जागे होण्याची संधी देत नाही. त्याची सूचना देणारे यंत्र गाडीत बसवण्याची शिफारस प्रत्येक मालकाला करावी. पॅनलवरचा कोणताही दिवा त्याची जागा घेऊ शकत नाही.

मजुरीचा प्रश्न

"पाच रुपयांच्या दिव्याचे एवढे पैसे?" हे वाक्य प्रत्येक कारागिराने ऐकलेले आहे. त्याचे उत्तर रागाने देऊ नये, बिलाने द्यावे. आमच्या मते अशा कामाच्या बिलात तीन ओळी असाव्यात: सामान, तपासणी, जोडणी व परीक्षा. सामानाची रक्कम जेवढी आहे तेवढीच लिहावी, दिव्याच्या किमतीत मजुरी लपवू नये. तपासणीची मजुरी उघड मागावी, कारण तीच आपली विद्या आहे. काढलेला जुना दिवा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. तपासणीत दिवा निर्दोष निघाला आणि दोष गॅसमध्ये सापडला तर तसे लिहून द्यावे आणि तपासणीचेच पैसे घ्यावेत. आपल्याला न येणारे गॅसचे काम येते असे सांगून हाती घेऊ नये.

बिलाच्या खाली एक ओळ आणखी लिहावी: कोणता दिवा बदलला, कोणता रेझिस्टर घातला आणि कोणत्या तारखेला. एक चिठ्ठी पॅनलच्या मागेही चिकटवावी. पाच वर्षांनी ती गाडी दुसऱ्या गावात दुसऱ्या कारागिराकडे उघडली जाईल. त्याला आपले नाव ठाऊक नसेल, पण काम समजून घेण्यात त्याचा अर्धा तास वाचेल आणि चुकीची वायर ओढण्यापासून तो वाचेल.

ज्या दुकानात शागीर्द आहेत तिथे उस्तादांनी एक करून पाहावे. एक जुना फ्यूजबॉक्स, एक स्विच, एक बल्ब आणि एक एलईडी फळीवर जोडून द्यावेत. कधी फ्यूज काढावा, कधी अर्थ ढिला करावा, कधी दिवाच खराब लावावा आणि मुलाला विचारावे, दोष कोठे आहे? दिवा न बदलता जो अचूक उत्तर देईल, त्याच्या हाती पॅनल द्यायला हरकत नाही.